ताकातलं पाणी

ता. ४, सोमवार
धाकट्या दिराचे, गणेशचे डोळे हळदीवानी झाले. एकोणीसचा पोरगा. गल्लीत अजून सहा पोरं-पोरी तशाच, सगळी कालेजातली. नळाचा पाईप नालीत फुटलाय म्हणं. सासूबाईंनी, आमच्या आत्याबाईंनी, त्याला माळवाल्याकडं नेलं. गळ्यातली माळ वाढत गेली की कावीळ उतरली म्हणायचं.
मला आठवा लागलाय. भ्या वाटतंय.

ता. ६
दवाखान्याच्या आशाताई आल्या. आदी माझे डोळे ताणून बघितले. "पोरं उठतील आठ-पंधरा दिसांत. तुझं तसं न्हाई. दोन जिवाच्या बाईला ही कावीळ लई वाईट." तोंडावरच बोलल्या.
आत्याबाई म्हणल्या, "आमी बी तेच पाणी पितो की. आताची पोरंच फुसकी."
"तुमाला तरण्यापणी होऊन गेली असंल मावशी, कळली बी नसंल. लई जणांचं तसंच आस्तं."
आजपासून पाणी उकळून. माझं आन लेकीचं, परीचं.

ता. ११
रोज हंडाभर उकळते. आत्याबाई: "राणीसायबांचं पाणी झालं का?" मलाबी हसू आलं.

ता. १३
आज बघितलं. ताक घुसळताना आत्याबाईंनी नळाचं तांब्याभर पाणी वतलं. रोजच वततेत. मी रोज दोन गिलास पिते. परीला बी देते, तीन वर्साचं लेकरू माझं.
"कावून वतलं ओ?"
"ताकात कोण उकळून घालतं गं?"
त्यांचं बी काय चुकलं. मलाच कसं सुचलं न्हाई...

ता. १४
माहेरी दिंद्रुडला आईला फोन. मी सातवीत असताना डोळे पिवळे झालते का? झालते म्हणली, पंधरा दिस नुसता ऊस खाल्लास. जीवात जीव आला. म्हणजे होऊन गेलेली.
आशाताईला सांगितलं. त्या म्हणल्या, "कावीळ काय एक हाय का? तुझी कोणती होती कोणाला ठाव. रक्त बघू." रक्त दिलं.

ता. २०
रिपोट न्हाई. धा वेळा आरशात बघते. परी म्हणती, आई, टिकली लावली का? तिला उजेडात धरून तिचे बी डोळे बघते. पांढरे हायत.

ता. २४
भाकरीचा वास नको झालाय. लघवी चहासारखी. कुणाला बोलले न्हाई. बोललं की खरं होतंय.

ता. २५
बोलले. आशाताई म्हणल्या, आत्ताच्या आत्ता बीड. ह्यांनी शेजारची जीप आणली. आत्याबाई बी बसल्या.
फाट्यावर त्यांनीच थांबवली. माळवाला हितून जवळ. "गणेश उठला की न्हाई माळंनं? तासाभराचं काम, मग जा बीडला." हे खाली उतरून उभे. आपल्या आईकडं बघतेत, माझ्याकडं बघतेत.
मी म्हणले, "गणेशच्या पोटात बाळ न्हवतं."
पिशवीत वही होती म्हणून लिहिते. डरायवर इचारतोय, कुठं वळू?