फलाटाखालच्या खुणा

४ मार्च

आणि वर म्हणे मी बाबांवर गेलोय! फोनवर दादाचं तेच पुराण. "तेही असेच लांब गेले. शेवटचे चार महिने छदाम पाठवला नाही, हात हलवत परत आले. माझी शाळा त्यातच सुटली." माझा पगार एकदा उशिरा झाला, घरी पैसे पोचले नाहीत, तर एवढं? बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी सोडत नाही त्यांना. ते ज्या स्टेशनावर राबले, तोच फलाट फोडायला मी आलोय — हे त्याला सांगितलंच नाही.

५ मार्च

पाठ धरली. दुसरं काही नाही.

९ मार्च

फलाटाखाली फलाट निघाला! म्हातारे मुकादम म्हणाले, "आधी इथं फक्त दुधाचे कॅन चढवायला गाडी थांबायची. मग वस्ती वाढली, माणसं रोज कामाला जायला लागली. डबे उंच आले, तसा फलाटही दगड घालून उंच केला. तेव्हा मी इथंच दगड घडवत होतो." दगडाच्या पोटाला ज्या त्या घडवणाऱ्याची खूण. खुणा मोजून पैसे.

१० मार्च

आज एक दगड उलटला — तीन रेघा, चिमणीच्या पायासारख्या. आमच्या घरच्या पायरीवर बाबांनी कोरल्यात तशाच! रेघांतली माती मी बोटानं उकरून काढली.

मुकादम बघत राहिले. "तू चिमणपायाचा पोरगा का रे? आधी बोलायचं नाही!" मग म्हणाले, "उद्घाटनाची तारीख आली. ठेकेदार म्हणाला, न मोजताच बसवा, पैसे नंतर. बसवले आम्ही, गाढवासारखे. उद्घाटन झालं आणि ठेकेदार पसार. हा अख्खा फलाट, चार महिन्यांचं काम! मोजणार कसं? वर गाड्यांची माणसं उभी."

बाबा घरी एवढंच म्हणायचे, "माझं सगळं दगडाखाली आहे." दादा हसायचा. मीसुद्धा.

१६ मार्च

फलाट संपला. चिमणीचे पाय दोनशे बारा. शेवटी सगळी टोळीच हाका मारायची, "ए, तुझा बाप निघाला बघ!" दगड ट्रकमधून गेले. एकही ठेवू देईनात.

१७ मार्च

पगार झाला. मुकादमांना तेव्हाचा भाव विचारला — दगडाला बारा. दादाला वेगळे पाठवतोय, पाठवणाऱ्याच्या जागी बाबांचं नाव घालून. दोन हजार पाचशे चव्वेचाळीस.