वार पडायच्या आधी

आत्या, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि तुमची सून तुमच्याशी एकदा खोटं बोलली ते अजून तिच्या घशाखाली उतरत नाही. त्या कालवडीचं म्हणतेय मी. तुम्ही होता तोवर तोंड उघडलं नाही, म्हणून आता लिहायला बसलेय.

बारामतीहून बीएस्सी होऊन मी निरवांगीला आले तेव्हा गावाची रीत अशी, की गाय व्याली की आधी वासरामागची वार, जार म्हणतात ती, पडू द्यायची, मगच चीक काढायचा. आधी काढला तर वार अडकते म्हणे. तोवर वासरू हंबरून बेजार. एकट्या तुम्हीच गावाच्या उलट. वासरू धडपडत उभं राहायच्या आत तुमची कास धुऊन झालेली, चीक काढलेला, आणि वासराच्या तोंडात बोट देऊन तुम्ही त्याला पाजत बसलेल्या. खरवसाला भांडी घेऊन आलेल्या बायांना म्हणायचात, खरवस काय पळून चाललाय का, उद्या न्या. दुसऱ्याच्या गोठ्यातही पदर खोचून शिरायचात आणि पाजूनच बाहेर यायचात. बाया कुरकुरायच्या, पण गाय व्यायला झाली की बोलवायच्या तुम्हालाच. मला फार कौतुक वाटायचं तुमचं.

एकदा मी विचारलं, एवढी घाई कशाला? तुम्ही म्हणालात, "पयल्या घटकंचा चीक पोटात ऱ्हात न्हाय गं, सरळ रगतात जातो. मागनं पाजलेला नुसता पोटात जातो." मी हसले. हसले काय, चक्क शिकवायला बसले तुम्हाला. प्रथिनं अशी सबंध रक्तात जात नाहीत, आतडं आधी त्यांचे बारीक तुकडे करतं, मग चीक असो की पिठलं. तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "हे माणसाचं का वासराचं?" सगळ्यांचंच, मी ठसक्यात सांगितलं. "आसंल," म्हणालात आणि शेणाची पाटी उचललीत.

त्या माघात तुम्ही दोन दिवस वडगाव निंबाळकरला बहिणीकडं गेलात. जाताना बजावलंत, व्याली तर लगीच पाज. दुसऱ्या दिवशी सकाळी गाय व्याली, कालवड झाली. चुलतसासूबाई येऊन बसल्या, वार पडू दे म्हणाल्या. मला वारेचं काही पटलं नव्हतं, खरं सांगते. मी म्हटलं, आज पाजलं काय अन् उद्या पाजलं काय, पचायचंच आहे. वार पडायला संध्याकाळ झाली, आणि मी पाजलं ते दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. पोटभर पाजलं मात्र. पाचव्या दिवशी हगवण लागली. तुम्ही मीठसाखरेचं पाणी पाजत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलाय, गोठ्यात माशा घोंगावतायत, मी दाराशी उभी आहे. सातव्या दिवशी ती गेली.

"चीक कवा पाजला व्हतास?"

"लगीच," मी म्हणाले. चुलतसासूबाई गप्प राहिल्या, त्यांना तरी कुठं तुमचा ओरडा खायचा होता?

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. म्हणालात, "मग माझंच कायतरी चुकत आसंल." त्यानंतर आपल्या गोठ्यात तुम्ही पाजत राहिलात, पण दुसऱ्याच्या गोठ्यात पाऊल टाकलं नाहीत. बोलवायला आलं कुणी तर म्हणायचात, तुमच्या रीतीनं करा बाई. गल्लीत पुढं किती वासरं गेली ते मी मोजलं नाही. मोजायची छाती झाली नाही.

तुमच्या माघारी मला दूधवाल्या बायांना शिकवायची नोकरी लागली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी सगळं समजावलं. माणसाच्या पोराला रोगाशी लढायची ताकद आईच्या पोटातच मिळते. गाईची वार ती वासरापर्यंत पोचूच देत नाही. ती सगळी चिकात असते, प्रथिनांच्या रूपात. आणि जन्मलेल्या वासराचं आतडं पहिले काही तास ती प्रथिनं न तोडता, सबंध रक्तात सोडतं. तास जातो तसं ते मिटत जातं, दिवसाभरात बंद. मग बादलीभर पाजा, अन्नासारखं पचून जाणार. शिवाय धार काढली की वार उलट लवकर सुटते. अहो आत्या, तुमचा शब्द न् शब्द खरा होता. कुठं शिकलात हो हे? नुसतं बघून?

आता गावोगाव मी हेच सांगते, आणि आमच्या आत्यांनी शिकवलं म्हणून सांगते. गेल्या मंगळवारी भवानीनगरला एक म्हातारी उठून म्हणाली, "येवढी शाणी सासू व्हती, मग तुमच्या गोठ्यात वासरू कदी दगावलं नसंल."

सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "न्हाई, एकबी न्हाई."

तुमचं नाव राखायला तसं बोलले, असं इथं लिहिणार होते. तसं नाही, आत्या. मी परत भ्याले.