इच्छा कुणाला हवी

ब्राह्मणपुरी, बुधवार, संध्याकाळ

डॉक्टरीणबाईंचा प्रश्न डोक्यातून जात नाही. दुपारी मधल्या खोलीत दार लोटून, मोबाइल स्पीकरवर ठेवून त्यांच्याशी बोलले. धाकटी झाल्यापासून नवऱ्याजवळ जावंसंच वाटत नाही, हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. त्या म्हणाल्या, बाईची इच्छा परत जागवायला पोटाच्या कातडीखाली घ्यायचं एक पेप्टाइडचं इंजेक्शन आहे. त्यानं मळमळतं, बीपी थोडं वाढतं, चेहरा काळवंडू शकतो; याच्याच भाऊबंद औषधानं परदेशात लोक मुद्दाम सावळे होतात. मला हसूच आलं. लग्नाआधी मला गोरं करायला आईनं काय काय चोपडलं होतं!

मग त्यांनी विचारलं, "इच्छा तुम्हाला हवी आहे की मिस्टरांना?" मी उलट इंजेक्शनची किंमतच विचारली. आधी बीपी मोजून कळवा, मग ठरवू, म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दार उघडलं तर हे बाहेर ओट्यावर बसलेले. शेतातून लवकर आलेले. सगळं ऐकलेलं.

"मन्हासाठे सुया टोची लेवू नको," मान खाली घालून म्हणाले. "मी कधी तक्रार करी का?"

नाही केली. खरंच कधी नाही. पण बाईंचा प्रश्न पुन्हा आठवला आणि या वेळी उत्तर तोंडातून निघूनच गेलं.

"तुमन्हासाठे नही, मन्हासाठे. माले बी पहिलासारखं वाटाले जोयजे."

कान तापले माझे. इतक्या वर्षांत 'मला हवंय' असं कधी बोलले होते का मी?  ते हळूच म्हणाले, "मंग मी काय करू? सांग ना."

 कितीतरी दिवसांनी मी आपणहून त्यांच्या शेजारी जाऊन बसले.