गावठी नाही, असं मी म्हणाले

मे, रविवार. संध्याकाळी साडेसात.

आज औरंगपुऱ्यातल्या कॅफेत आमचा गाणी ऐकायचा कार्यक्रम झाला. विषय मीच ठरवला होता: कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांचं संगीत, न आवडणाऱ्यांसाठी त्याच वळणाचे पंक आणि इंडी असे शहरी रॉक बँड. पंधरावीस माणसं आली. सुरुवातीलाच मी म्हणाले, "घाबरू नका, यात गावठी काही नाही." सगळे हसले. का म्हणाले मी असं? हसवायलाच.

स्पीकरजवळ साजेद बसला होता. माझ्याच ऑफिसातला, करमाड गावचा. ही सगळी गाणी त्यानंच मला ऐकवलेली. शेजारी त्याची अम्मी होती. विहीर आटली म्हणून मागच्याच महिन्यात ते शहरात भाड्याच्या खोलीत आलेत. हे मला माहीत होतं. माहीत असून गावठी म्हणाले.

तिसऱ्या गाण्यानंतर एकीनं विचारलं, "हे कशाबद्दल आहे?" शब्द मी कधी नीट ऐकलेच नव्हते.

साजेद हळूच म्हणाला, "पाऊस नाय म्हणून गाव सोडून निघालेल्या माणसाचं आहे."

अम्मी त्याच्याकडं बघत राहिली. गावठी. तो शब्द तिलाही ऐकू गेला असणारच.

शेवटी त्यानं वायरी गुंडाळल्या. "पुढच्या वेळी गाणी तूच निवड," एवढंच म्हणाला आणि अम्मीला घेऊन जिना उतरला. मला त्यांच्या मागं जाता आलं असतं. पण लोक विचारत होते, इतकी छान गाणी तुम्हाला सापडतात कुठं? आणि मी हसून सांगत होते, शोधावी लागतात.