मास्तरांची डॉल्फिन

१२ जानेवारी, रविवार

डॉल्फिन! राहू गावात!

अफताबच्या, म्हणजे माझ्या मावसभावाच्या, नातवाचा अकिका, म्हणजे आमच्यातलं जावळ-बारसं, होतं. बिर्याणी अंगावर आली म्हणून जरा उसाच्या कडेनं चालायला निघालो. एका घरामागं पत्र्याची शेड, पाचटाचा ढीग, त्यावर फाटकी ताडपत्री. आणि पाचटातून डोकावणारा एक मागचा दिवा. इकडंतिकडं बघून पाचट सारलं. पांढरी फायबरची बॉडी, दोनच दारं, बसकी मागची काच. बंगलोरहून यायच्या त्या डॉल्फिन मोटारी! आयुष्यात एकदाच बघितली होती, कॉलेजात असताना, स्वारगेटला. चार जण ढकलत होते आणि फूटपाथवरचे हसत होते.

आज मी एकटाच उभा राहून हसलो. मोठ्यानं. बांधावरची शेळी बिचकली.

अफताबला सहज विचारल्यासारखं विचारलं. "बबन मास्तरांची गाडी ती. मास्तर जाऊन तीन वर्सं झाली. रंगुबाई एकल्याच असत्यात. पोरगा रोहन, शिक्रापूरला कंपनीत हाय."

बायकोला, शिरीनला, अजून सांगितलेलं नाही. जुनी गझेल मोटार आणली तेव्हा ‘ही शेवटची’ असं मीच म्हणालो होतो. ट्रेकर आणली तेव्हाही.

१३ जानेवारी

फायबर गंजत नाही. पण खालची चासी लोखंडाची. पाचटाखाली ओल असणार, उंदीर असणार. माझ्या चष्म्याच्या दुकानात आज चुकून एका बाईला तिच्या नवऱ्याचा चष्मा दिला. तिनं घातला, म्हणाली, "सगळं लांब गेलं की हो." माझंही तसंच.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

जालिंदरला फोन केला. दुसरं कुणाला सांगणार? शिरूर–दौंडमध्ये या रोगाचे आम्ही दोघंच. तो रेल्वेतून रिटायर झालाय, दौंडला घरामागं त्याच्या दोन जुन्या ११८ मोटारी उभ्या आहेत. बाकी लोक व्हिंटेज गाड्यांना फुलं वाहतात. आम्ही ज्यांना कुणी विचारलं नाही त्यांच्या मागं. कारण कुणी विचारलं की जालिंदर म्हणतो, "स्वस्त मिळत्यात." माझं कारण मी सांगत नाही. लहानपणी मी चकणा होतो. अख्खी शाळा हसायची. तेव्हापासून लोक ज्याला हसतात त्याची मला काळजीच वाटते, माणूस असो की मोटार. चष्म्याचं दुकानही त्यातूनच काढलं असेल.

जालिंदरनं नियम पुन्हा पाठ करून घेतले. गाडी बघायला जाऊन गाडीकडं बघायचं नाही. आधी पाणी मागायचं, मग गुराढोरांची चौकशी. मग गाडीला नावं ठेवायची. आणि लगेच परत फिरकायचं नाही. "सिद्दीक, तुझं तोंड लई वाईट हाय. गाडी दिसली की बत्तीशी भाईर. दात दाखवलं की संपलं!"

खरंय ते. कुरकुंभला एकदा त्याच्यासोबत गेलो होतो. मी गाडीला बघून नाचायचाच बाकी राहिलो. मालकाला वाटलं, घबाड आहे. दिली नाही. ती गाडी चिंचेखाली सडून गेली. तेव्हाचा जालिंदरचा हा नियम, आणि माझ्यामुळंच झालेला.

१६ जानेवारी

पुण्याचं कुणी बघून गेलं असेल तर? हल्ली पोरं मोबाईल घेऊन गावोगाव हिंडतात.

१९ जानेवारी, रविवार

जाऊन आलो. जमलं! म्हणजे जमलं असं जालिंदर म्हणतो.

त्याच्या ११८मधून जायचं नाही, जुन्या गाडीतून गेलं की लोक ओळखतात. मोटारसायकलवर गेलो, न्हावऱ्यावरून, पारगावच्या पुलावरून. रंगुबाई सत्तरीच्या पुढच्या. शिडशिडीत, कपाळ मोकळं, डोळे मात्र चांगलेच. चष्म्याशिवाय गहू निवडत होत्या. पाणी दिलं. हातावर तिळगूळ ठेवला, "गोड बोला" म्हणाल्या. जालिंदरनं म्हशीची चौकशी केली, शेवग्याची केली, मग जांभई देत विचारलं, "त्या शेडात काय झाकलंया?"

म्हातारीनं स्वतःच ताडपत्री ओढली. पदरानं पुढची काच पुसली. पुसतच राहिली.

अख्खी होती! चारही दिवे! मी गालाचा आतला भाग दातांत धरला.

ती सांगत होती. मास्तरांनी पुण्याहून आणली तेव्हा वेशीपासून पोरं मागं. "गावातली म्हनायची, मास्तर, पावसात इरघळंल की तुमची गाडी! मास्तर म्हनायचे, हसू द्या, हसन्याला कुटं पैसं पडत्यात." दाराची खिट्टी तुटलेली, म्हणून केडगाव स्टेशनापर्यंत ती दार हातानं धरून बसायची. स्टिअरिंगला निळ्या लोकरीचं कव्हर, तिनंच विणलेलं. मी शेवग्याकडं बघत होतो. पण म्हातारी काही गाडीकडं बघत नव्हती. सारखी माझ्याच तोंडाकडं! किंमत ताडत असणार. मुरलेली दिसते. मी गाल आणखी जोरात चावला.

मग एकदम म्हणाली, "भाऊ, तुम्ही गाड्यांमदले जानकार हाय म्हनं, अफताब सांगत व्हता. खरं सांगा. हिच्यात काय राम हाय का?"

जालिंदरनं माझ्या बुटावर बूट ठेवला.

म्हणालो, "काही नाही, मावशी. भंगार आहे. उगाच जागा अडवलीय."

आवाजसुद्धा हलला नाही माझा. तिनं काचेवरचा हात काढला, "व्हय का" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. चहात साखर विसरली.

येताना जालिंदर पाठीवर थापा मारत होता. "काय नाटक केलंस रं! आता गप ऱ्हा. म्हातारी सवताच निरोप धाडंल."

२० जानेवारी

गालाच्या आत फोड आलाय. तिखट खाववत नाही. शिरीन संशयानं बघते.

२२ जानेवारी

निरोप नाही. अफताबला फोन लावला आणि तो उचलायच्या आत बंद केला. त्यानं उलटा लावला. म्हणालो, चुकून लागला.

२४ जानेवारी, शुक्रवार

घात! गाड्यांच्या ग्रुपवर पुण्याच्या कुणीतरी विचारलंय, "राहू साईडला एक डॉल्फिन आहे म्हणतात, कुणाला माहिती?" जुम्म्याच्या नमाजेत काय म्हटलं ते मलाच आठवत नाही. अल्लाह माफ करो, दुआ गाडीची केली.

जालिंदर म्हणतो, हलू नको. आत्ता गेलास की तिला कळलं. सगळं मुसळ केरात.

पण तो पुण्याचा पोरगा काय म्हशीची चौकशी करणार आहे? तो सरळ जाऊन म्हणेल, आजी, किती भारी गाडी!

२५ जानेवारी

स्वप्नात गाडी पावसात विरघळली.

२७ जानेवारी, सोमवार

शिरीननं जेवताना ताट सरकवलं आणि म्हणाली, "अब बोलो. कौनसी है?"

सांगितलं. भांडेल असं वाटलं होतं. भांडली नाही, सगळं नीट ऐकून घेतलं. तिळगूळ, काच पुसणं, दार धरून बसणं. मग विचारलं, "उनो दाम पूछी क्या?"

नाही, म्हणालो. दाम कुठं विचारला.

"फिर? क्या पूछी?"

खरं सांगा, यात काही राम आहे का, असं विचारलं.

शिरीननं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "अजी, उनो गाडी का नै पूछी. अपने मास्तर का पूछी. सारे गाँव ने हँस लिया, अब एक जाननेवाला आया, तो पूछी. और तुमने भंगार बोले."

मी माणसांचे डोळे तपासतो! तीस वर्षं! उद्या सकाळीच जातो. नियम गेला खड्ड्यात. सांगतो तिला, मावशी, मी खोटं बोललो, ही लाखात एक आहे. देऊ नका कुणाला, मलाही देऊ नका, पण झाकून ठेवू नका.

२८ जानेवारी, मंगळवार

ट्रेकर घेऊन गेलो. म्हटलं, बघू दे, मी कोण आहे ते. पारगावच्या पुलावर उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो, तेव्हा स्टिअरिंगवर बोटं बडवत होतो आणि काय काय बोलायचं ते मोठ्यानं म्हणत होतो.

शेडमध्ये पांढरी बॉडी जमिनीला टेकलेली. खाली चाकं नाहीत. काचा नाहीत. आत कोंबड्या.

रंगुबाई हसतमुखानं बाहेर आली. "बरं झालं आलात, भाऊ. तुमचंच ऐकलं." रोहननं रविवारी शिक्रापूरहून भंगारवाला आणला. गॅस कटरनं चासी कापली, इंजिन, चाकं, सगळं लोखंड नेलं. फायबर त्याला नको होतं, ते टाकून गेला. "रोहन कवाधरनं मागं लागला व्हता, आई, जागा मोकळी कर. मी न्हाई म्हनायची. गावानं म्हटलं तरी न्हाई म्हनायची. म्हटलं, ह्यांना काय कळतंय? पन तुम्ही जानकार मानूस. तुम्हीच म्हनल्यावर कशापायी जीव अडकवायचा?"

बोलायला तोंड उघडलं. तिनं चहा दिला, तो प्यालो. या वेळी साखर होती. "लई ओझं उतरलं बगा," म्हणाली. मी मान हलवली आणि निघून आलो. ट्रेकर सुरू व्हायला वेळ लागला, तोवर ती दारात उभी होती, हात हलवत.

आजवर गाड्यांच्या नादात बरंच काय काय केलंय, पण इतका हलकट कधी वाटलो नव्हतो मला मी.

३० जानेवारी, गुरुवार

दुकान बंद ठेवून शिक्रापूर. ट्रकांच्या रांगेत अर्धा दिवस गेला. भंगारवाल्यांची गोडाऊनं पालथी घातली. तिसऱ्या ठिकाणी एक यूपीचा पोरगा म्हणाला, "चचा, लोहा तो कल ही लोड हो गया." पाया पडल्यासारखं विचारलं, काहीतरी राहिलं असेल बघ. त्यानं ढिगातून स्टिअरिंग काढून दिलं. कव्हर तसंच. निळी लोकर उजव्या बाजूला झिजून पार दोरा झालेली. मास्तर एका हातानं चालवत असणार. दुसरा हात कदाचित तिच्या दारावर.

जालिंदरला फोनवर सांगितलं. मग म्हणाला, "मी तुझ्या बुटावर पाय द्याया नको व्हता." बिचारा. तोंड तर माझं होतं.

३१ जानेवारी

स्टिअरिंग कपाटात ठेवलं, परत काढलं. खरं सांगितलं तर माझं ओझं उतरेल. पण तिला कळेल, चांगली गाडी आपण एका लबाडाच्या शब्दावर कापायला दिली. आत्ता निदान सुखानं झोपते. सांगू की नको? शिरीनला विचारलं. तिचंही ठरेना. "चुप रहे तो मास्तर जिंदगीभर भंगार," म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "पन बोले तो उसका दिल." पीठ मळताना थांबून थांबून विचार करत होती.

१ फेब्रुवारी

सांगायचं. ती भंगार नव्हती एवढं तरी तिला कुणीतरी सांगायलाच हवं. छातीत धडधडतंय. शुगर तपासली, ती बरी आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. सगळं. जालिंदरचा नियम, चावलेला गाल, खोटं.

रंगुबाई स्टिअरिंग मांडीवर घेऊन बसली. लोकरीवरून हात फिरवत होती. रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मास्तर जायच्या आदी म्हनले व्हते, गाडी इकू नको. कवातरी एखादा येडा यील, तिला बगून ल्हान पोरावानी हसंल. त्याला तशीच देऊन टाक. तवापास्नं जो येतो त्याच्या तोंडाकडं बगत व्हते, भाऊ. तुमच्याबी बगितलं. तुम्ही न्हाई हसला."