रेषेबाहेरचा क्वार्टरबॅक

प्रिय कॅझ,

फोनवर तू नुसता "हं, हं" करत राहशील आणि मी मूळ गोष्ट सोडून तुझ्या गुडघ्याची चौकशी करत बसेन. आपलं नेहमी तसंच होतं. म्हणून हे पत्र. उद्या सकाळी मीच तुझ्या दाराशी पेटीत टाकून जाईन.

आज दुपारी मी तुमच्या शाळेच्या फुटबॉल संघाचा सराव पाहायला आले होते. गाडी कुंपणाबाहेर, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यापाशी लावली होती. पाच आठवडे सख्ख्या भावाशी अबोला धरल्यावर मैदानात कोणत्या तोंडानं येणार? तू माझ्या नातवाला, आमच्या क्लेमेंटला, बाहेर बसवलंस आणि दहावीतल्या टायरिसला क्वार्टरबॅक करून चेंडू फेकायचं काम त्याच्या हाती दिलंस. दोन वर्षं दुसऱ्याच्या मागे थांबून शेवटच्या वर्षी पोराची पाळी आली, आणि तू ती काढून घेतलीस. शेवटच्या वर्षाच्या मुलाचा मान आपल्या गावात आजवर कुणी मोडला नव्हता. तेव्हापासून पाचातले चार सामने तू जिंकलास, तरी लोकांचा राग गेला नाही. परवा, बुधवारी, तो अर्ज शाळेच्या मंडळापुढे येतोय. बत्तीस वर्षं कोच असलेल्या तुला काढून टाका म्हणून.

दोन मुलांची तुलना करू नये असं फादर सांगतात. पण या गावात सध्या दुसरं काही चालतच नाही. न्हाव्याकडे तेच, बँकेत तेच, रविवारी चर्चच्या पायऱ्यांवरही तेच. मग मीच का मागे राहू?

टायरिसच्या हातून चेंडू सुटतो ना, तेव्हा त्यानं काही जोर लावलाय असं वाटतच नाही. सहा-सहा फुटी धिप्पाड मुलं अंगावर धावून येतात, आणि हा जणू बस यायला अजून वेळ आहे अशा थाटात उभा. चेंडू मात्र चाळीस यार्डांवर, धावणाऱ्या मुलाच्या ओंजळीत. गुरुवारी चर्चच्या तळघरात आम्ही बायका संघाला स्पॅगेटी वाढतो, तिथं त्यानं तिसऱ्यांदा ताट पुढे केलं आणि विचारलं, "सॉस कुणी केलाय? मी तिच्याशी लग्न करणार." सॉस करणारी डोलोरेस चौऱ्याहत्तर वर्षांची, पण लाजून तिनं पळी खाली टाकली. असा मुलगा आवडू नये म्हणून मी पाच आठवडे झटले. जमलं नाही.

आणि आपला क्लेमेंट. त्याचा लांबचा चेंडू हवेत डगमगतो, हे मला आजीच्या डोळ्यांनाही दिसतं. पण नऊ वर्षांचा असताना तो ताटात वाटाणे आणि मक्याचे दाणे समोरासमोर मांडून मला सांगायचा, हा इकडे पळणार, मग तो फसणार, मग इथून वाट मोकळी. जेवण गार व्हायचं. अकरा जणांपैकी प्रत्येकानं कुठं असायला हवं हे त्याला पाठ. कुणाची आई दवाखान्यात आहे, हेही. चूक झाली की तो ओरडत नाही, जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवतो. आपले बाबा गिरणीत नव्या माणसाशी तसंच वागायचे.

म्हणूनच मला त्याचं ते मैदानाच्या रेषेबाहेर उभं राहणं बघवत नव्हतं. तुम्ही तिघांना टोप्या घालून कडेला उभं करता, तिघेही हातवाऱ्यांनी खेळी कळवतात, त्यातले दोघे खोटे, समोरच्या संघाला फसवायला. खरे हातवारे सहायक कोच हॅलोरनचे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे आमचा क्लेमेंट कान ओढतोय, कोपर थोपटतोय, हात गरागरा फिरवतोय, आणि सगळं खोटं. एका शुक्रवारी सामना बघताना डोलोरेस म्हणाली, "फिलोमेना, तुझा नातू माशा हाकलतोय का गं?" आमची सगळी रांग हसली. मीही हसले. घरी येऊन जेवले नाही.

शनिवारी तो माझ्याकडे आला. टोपी न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला. आपल्या आजीपुढे असं तो कधी करत नाही. म्हणाला, "बुशा, खोटे हातवारे हॅलोरनचे आहेत. खरे माझे. आणि खेळी कॅझ आजोबा ठरवत नाहीत, मी ठरवतो. मैदानात उभं राहून जे दिसत नाही ते मला कडेनं दिसतं. टायरिसकडे हात आहे, माझ्याकडे डोळे आहेत. पण हे बाहेर फुटलं तर शुक्रवारच्या सामन्यात आम्ही मेलो."

आज कुंपणापलीकडून मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. क्लेमेंटनं कान ओढला. टायरिस तिथूनच हसला, दोन पावलं मागे गेला, आणि चेंडू जिथं कुणीच नव्हतं तिथं फेकला. चेंडू खाली येईपर्यंत तिथं आपला एक मुलगा पोचला होता. मग दोघंही तुझ्याकडे बघायला लागले, लहान मुलं चित्र दाखवून बघतात तशी. तू नुसती मान हलवलीस. तुझी ती मान पाहून मी गाडीत रडले, कॅझ. दोन मुलांमधून एक निवडायचा असं सगळं गाव समजत होतं. तू दोघांनाही खेळवत होतास, आणि शिव्या खात गप्प होतास.

नन्सच्या शाळेत शिकवलं होतं, कबुली द्यायची तर मोठं पाप आधी सांगावं. मी ते शेवटी ठेवलं. क्लेमेंट शनिवारी आला तो हे विचारायला: वार्गोच्या दुकानात गल्ल्यावर जो अर्ज ठेवलाय, त्यावर सातवी सही तुझी आहे का, बुशा? होय, माझी आहे. माझ्यानंतर एकशे तीस जणांनी केल्या, कोचची सख्खी बहीणच करते म्हटल्यावर. आज सकाळी जाऊन मी माझं नाव खोडलं. वार्गोनं कारण विचारलं, मी म्हटलं, म्हातारीचं मन बदललं. डोलोरेस शेजारीच होती, म्हणाली, शेवटी भावाची बाजू घेतलीस ना. घेऊ दे तिला तसं समजून. त्या एकशे तीस सह्या मात्र मला खोडता येत नाहीत. म्हणून बुधवारी मी मंडळापुढे उभी राहून सांगणार आहे की मी चुकले, माझा भाऊ बरोबर आहे, माझ्यामागे ज्यांनी सही केली त्यांनी ती मागे घ्यावी. काय चुकलं ते विचारतील. सांगणार नाही. हसतील, हसू देत. तू पाच आठवडे तोंड मिटून काढलेस; मला एक संध्याकाळ जमेल. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, पण माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवेन.

तुझीच, तुझ्यावर उलटलेली आणि आता परत आलेली,
फिलो