खालच्या बोगद्याचं छत

प्रिय वहिनी,

आधी घडलं तेवढंच लिहिते.

१. सोमवारी खाणीतल्या सर्वांत खालच्या बोगद्याचं छत कोसळलं.
२. दादा ढिगाऱ्यापलीकडे अडकला.
३. बुधवारी ढिगारा उपसणं थांबवलं.
४. ते कुणाच्या सांगण्यावरून, हे तुला माहेरी कुणी कळवलेलं नाही.

तिथला दगड मी ओळखते. जस्त-शिशाचं ते सल्फाइड फार पूर्वी जमिनीच्या पोटात भाजून निघालं. पाणी बरंचसं गेलं, मिठात असतं ते क्लोरीन मात्र काही खनिजांत अडकून राहिलं. खाणीच्या प्रयोगशाळेत माझं काम त्याच खनिजांवर. नमुने दादाच आणायचा, जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून. "बघ तुझी नणंद! अख्खा डोंगर शिजला, तरी हिला त्यात मीठ कमीच," असं तुला सांगायचा. तू म्हणायचीस, "असू दे, माझ्या भाजीला तरी नावं ठेवत नाही."

ही खनिजं दमट हवेत भुसभुशीत होतात. त्यांतलं क्लोरीन ओलीत उतरतं आणि छताला धरणारे लोखंडी बोल्ट आतून खातं. बाहेरून बोल्ट धडधाकट दिसतो. मंगळवारी मी ढिगाऱ्याच्या अलीकडचे बोल्ट कापून पाहिले. आत पेन्सिलीएवढं लोखंड उरलं होतं. त्याच छताखाली दादाचे सोबती उपसत होते.

बुधवारी खाणीच्या साहेबांनी एकच विचारलं, उरलेलं छत धरेल का? मी नाही म्हटलं. सगळ्यांना बाहेर काढलं. मुकादम माझ्याजवळून जाताना म्हणाला, "खाल्ल्या मिठाला जागलात, ताई." घरी येऊन कपडे धुतले. त्यात दादाचा शर्ट होता, तोही वाळत घातला. रडू आलं नाही. अजून येत नाही.

तुला सांगायचं राहिलं ते हे. मी नाही म्हटलं, तेव्हा पलीकडून ठोकल्याचा आवाज येत होता. मी तो ऐकला होता. मग वरून दादापर्यंत भोक पाडायला घेतलं. ते पोचलं तेव्हा हाका मारल्या. उत्तर आलं नाही. आज रविवार. उरलेलं छत अजून जागेवर आहे. तरी पुन्हा विचारलं, तर मी नाहीच म्हणेन. आता बोगदा काँक्रीटने कायमचा बंद करायचा आहे आणि त्याला तुझी संमती लागते. दुसऱ्या कुणी विचारण्याआधी मी विचारते आहे. हो की नाही, बुधवारपर्यंत कळव.

तू म्हणशील तोवर तुझीच,
नणंद